तार तुटली तर

कोल्हापूर-मिरज लाइनवरच्या एका छोट्या स्टेशनात, रेल्वेनं दिलेल्या एका खोलीत आम्ही सहाजण राहत होतो. इंजिनातून रुळांकडेला टाकलेल्या राखेतून आई अर्धवट जळलेले कोळसे वेचून आणायची. त्यावर भाकरी व्हायची. कॉलेजला निघताना मी तिच्या काळ्या हातांकडं बघायचं टाळायचो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं याहून वाईट आहे.

आबा, म्हणजे माझे वडील, सांधेवाले होते. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळावी म्हणून सांधे बदलायचे, सिग्नल पाडायचे. त्यांनी लिव्हर ओढली की लांबच लांब तार ताणली जायची आणि दूरच्या खांबावरचा सिग्नलचा हात खाली झुकायचा. झुकलेला हात म्हणजे गाडीनं यावं. आडवा हात म्हणजे थांबावं.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा शहरातले दोन वर्गमित्र घरी आले. आबा लिव्हरला तेल घालत होते. एकानं सहज विचारलं, "काका, ही तार तुटली तर ओ?"

"तुटली तर हात आडवा हुतोय. गाडी भाईर उभी ऱ्हाती."

आबांचा तेलकट शर्ट मला मित्रांसमोर आधीच खुपत होता. मी हसलो. म्हणालो, "आबा, जड वस्तू खालीच पडते. तार तुटली तर हात खालीच येणार. तुम्ही नुसती लिव्हर ओढता, त्यातलं शास्त्र तुम्हाला काय कळतंय?"

मित्र हसले. आबांनी फडक्याला हात पुसले. "व्हय बाबा, आमी अडाणीच की. पावण्यास्नी च्या तर पाज."

पदवी मिळाली. सहायक स्टेशन मास्तरच्या जागेसाठी लेखी परीक्षा पास झालो, तोंडी परीक्षेला गेलो. तिथं नेमका तोच प्रश्न आला. मी छाती काढून तेच उत्तर दिलं. समोरच्या साहेबांनी माझा अर्ज उलटून पाहिला.

"वडील सांधेवाले आहेत ना तुमचे? त्यांना विचारून यायचं होतं."

नापास झालो. घरी सांगितलं, जागा कमी होत्या.

महिन्याभरानं सिग्नलची तार बदलायला मिस्त्री आला. "चल जरा खांबापतूर," आबा मला म्हणाले. गाडी नव्हती, मास्तरांची परवानगी होती. हात झुकवलेला होता. मिस्त्रीनं तार सोडली आणि हात खाड्‌दिशी वर जाऊन आडवा झाला. खांबाच्या बुडाशी एका दांड्यावर लोखंडी वजन होतं, हातापेक्षा भारी. तारेचा ताण असेतोवर ते उचललेलं राहायचं. ताण गेला की वजन खाली बसायचं आणि हाताला वर ढकलायचं. काहीही मोडलं तरी गाडी थांबलीच पाहिजे, अशी ती रचना. लहानपणापासून त्या खांबाखालनं जात होतो, थांबून कधी नीट बघितलं नव्हतं.

"काय ओ ग्रॅज्युएट," मिस्त्री म्हणाला, "सांगा बघू, हात वर का गेला?"

मी अजून वर हाताकडंच बघत होतो, बुडाच्या वजनाकडं लक्षच गेलं नव्हतं.

"त्याला ठावं हाय," आबा म्हणाले. "शिकल्यालं पोरगं हाय त्ये. तू तार बांध."

मित्रांसमोर मी त्यांची लाज काढली होती. मिस्त्रीसमोर त्यांनी माझी राखली. आज लिहितानाही कान तापतात.

परतताना रुळांच्या कडेनं चालता चालता सगळं सांगितलं. नापास का झालो तेही, आणि त्या दिवशी माझं चुकलं होतं तेही. आबा पुढं चालत होते. मागं न बघता म्हणाले, "बरं. आता फुडल्या येळंला नीट सांग."

पुढच्या वर्षी नीट सांगितलं. मी सहायक स्टेशन मास्तर झालो.