माळ्यावरच्या घुबडांची वकील

सुमनबाईंची नि माझी पहिली भेट झाली तेव्हा बेलापूरच्या आसपासची पृथ्वी दीड मिनिट फिरायची थांबली होती, असं माझं ठाम मत आहे. सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन आटोपलं होतं. पाहुणा म्हणून मी शाळेत पाऊण तास भाषण ठोकलं होतं आणि भुकेने डोळ्यांपुढे अख्खी आकाशगंगा तरळत होती. अशा वेळी या बाईंनी माझ्या तळहातावर खजुराएवढा काळपट गोळा ठेवला. मी तो सरळ तोंडाशी नेला.

"आवं पाव्हणं, खाताय काय! घुबडानं ओकलेलं हाय ते!"

शाळा पोट धरून हसली.

सुमनबाई तिथे खिचडी शिजवतात. वर्गाच्या दारात तांदूळ निवडता निवडता त्यांनी सहावीचं विज्ञान अकरा वर्षं ऐकलं. इतकी वर्षं सहावीत बसूनही नापास न झालेली गावातली ही एकमेव व्यक्ती. त्यांच्या चुलीच्या वरच्या माळ्यावर गव्हाणी घुबडाची तीन पिल्लं होती. खाली पडलेले गोळे सुमनबाई पाण्यात भिजवून चिमट्याने सोडवायच्या आणि पोरांना सांगायच्या, की घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेली हाडं नि केस असा गोळा करून टाकतं. त्याला डोळे फिरवता येत नाहीत, म्हणून मानच पार पाठीमागे वळवतं.

दुपारी ग्रामसभेत पहिलाच विषय निघाला, शाळेवरचं अशुभ घुबड पिल्लांसकट हुसकावण्याचा. पिल्लांना अजून उडता येत नव्हतं. खाली उतरवली असती तर मांजरांनी सोडली नसती.

सुमनबाई परात घेऊनच उभ्या राहिल्या.

"घुबडाचं तोंड बघितलं की घरातलं मानूस जातं," सरपंच छगनराव म्हणाले.

"मी रोज सकाळी बघते. तुमचंबी तोंड दर ग्रामसभेला बघते. तरी जिती हाय की!"

मग त्यांनी परातीतला एक गोळा फोडला आणि चार इवल्या कवट्या सरपंचांच्या कागदावर ओळीने मांडल्या. "एका गोळ्यात चार उंदीर. ह्ये तुमच्याच गव्हातलं."

"उंदराकडं आधार कार्ड हाय का, माझ्याच गव्हातला म्हनायला?"

"मग तुमचा गहू कोन खातं? तुमी एकटं?"

मागे बसलेल्या बायडाबाई इतक्या जोरात हसल्या की माईक शिट्टी मारायला लागला. छगनराव लाल झाले. "मतदान घ्या!"

हात वर झाले. घुबडं काढायच्या बाजूने एकोणसाठ, विरोधात सत्तावन्न. पोरांनीही हात वर केले होते, पण ते मोजले नाहीत.

"ठराव झाला बाई. आता बसा."

"बसते. चुलीपाशी बसते," सुमनबाईंनी परात काखेत मारली. "माळ्याला शिडी लावायची तर चुलीवरनंच लावावी लागंल. चूल माझी, चुलीवर उकळती डाळ माझी. ज्याला चढायचंय त्यानं यावं."

दुसऱ्या दिवसापासून त्या सकाळी सातलाच येऊन बसू लागल्या. शाळा सुटली तरी उठत नसत.

पंचायतीची एकुलती शिडी दिव्यांच्या कामासाठी शेजारच्या गावाला दिलेली होती. ती सव्वा महिन्याने परत आली. तोवर पिल्लं उडून गेली होती.