दहा मिनिटांत पोहोचणारी व्यक्ती

तुमसरला मी नऊ वर्षं राहते. घर भाड्याचं आहे आणि मागच्या भिंतीपलीकडे राइस मिल. मशीन सुरू झालं की ओट्यावरची भांडी थरथरतात. सकाळी आठच्या आधी सुरू करायचं नाही, असं मी मिलवाल्यांकडून भांडून कबूल करून घेतलंय.

त्या दिवशी साडेसातलाच भांडी वाजली. स्टीलच्या डब्याचं झाकण घसरून खाली पडलं. मी गॅस बंद केला, पायात चपला अडकवल्या आणि तडक मिलच्या फाटकावर गेले.

"आठ वाजले का?" मी चौकीदाराला विचारलं.

तो दात घासत होता. "मॅडम, मशीन तं कालपासून बंद हाये जी. पट्टा तुटला."

"मग हललं काय?"

त्यानं चूळ भरली आणि ब्रश आकाशाकडे रोखला. "थे वरच्यानं हालवलं. त्याले सांगा, आठच्या आधी नको म्हणून."

मी भूगोल शिकवते. बावीस वर्षं भूकंप हा धडा शिकवला आणि आयुष्यात पहिल्यांदा भूकंप झाला तेव्हा मी मिलवाल्याशी भांडायला गेले. धक्का हलकाच होता. दूर दक्षिणेला, गोदावरीच्या खोऱ्यात झाला होता. आमच्याकडे कुणाच्या घराची कौलंही पडली नाहीत.

वर्गात मुलांनी पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, भूकंप आला तवा तुमी कुठं होत्या?" खरं सांगितलं. दहा मिनिटं हसू थांबेना. मग मी धडा घेतला. पृथ्वीचं कवच अखंड नाही. तापलेल्या दुधावरची साय हलली की तिचे तुकडे होतात आणि ते एकमेकांवर चढतात, तसे हे तुकडे. त्यांना प्लेट म्हणायचं. आपण ज्या तुकड्यावर बसलोय तो उत्तरेकडे सरकतोय, बोटांची नखं वाढतात साधारण त्या गतीनं. पलीकडचा तुकडा जागा देत नाही, म्हणून मध्ये हिमालय उभा राहिला. आपण त्या कडेपासून लांब आहोत, म्हणून आपल्याकडे धोका कमी. पण कडेचा दाब आतपर्यंत येतो. आत जुन्या भेगा आहेत, त्यातली एखादी कधीतरी सरकते. आणि आपला खडक जुना, कठीण. त्यातून लाट लांबवर जाते. म्हणून तिकडचा धक्का इकडे भांड्यांना कळतो. कधी सरकेल ते कुणी सांगू शकत नाही. सांगतो म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये सगळ्यांना फोन येत होते. लाखनीहून सासूचा, नागपूरहून बहिणीचा, सानगडीहून भावाचा. मी डबा खाल्ला. माझ्या फोनवर गॅस सिलिंडर निघाल्याचा मेसेज होता. मुलगा पुण्याला आहे. भंडाऱ्यात भांडी हलल्याची बातमी पुण्यात पोहोचत नाही. मीही कळवलं नाही. काही झालंच नव्हतं, कळवायचं काय?

मुख्याध्यापकांनी आपत्ती व्यवस्थापनाचं काम माझ्याकडे दिलं, भूगोल माझा म्हणून. शाळेत काम करणाऱ्या सगळ्यांसाठी मी फॉर्म तयार केला. बचाव पथक यायला वेळ लागतो. ढिगाऱ्यातून माणसं बाहेर काढतात ती बहुतेक वेळा शेजारीच. तेव्हा फॉर्ममध्ये मी एक रकाना मुद्दाम घातला: दहा मिनिटांत तुमच्या घरी पोहोचू शकेल आणि तुम्ही घरात आहात की नाही हे सांगू शकेल, अशी व्यक्ती. नाव, फोन, नातं. शनिवारपर्यंत सगळ्यांचे फॉर्म आले. शिपायाचा आला, स्वयंपाक करणाऱ्या बाईंचा आला. माझा राहिला.

नवरा गेल्यावर मी बदली घेऊन इथे आले. कामापुरते सगळे ओळखतात. गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी न्हाणीत पाय घसरून पडले, तेव्हा उठायला दीड तास लागला. कुणाला कळलं नाही. सोमवारी शाळेत लंगडत गेले, तेव्हा लोकांनी विचारलं. घर पडलं तर ढिगारा उपसणारे पहिल्यांदा विचारतील, आत कुणी आहे का. त्याचं उत्तर देणारं कुणी नव्हतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी समोरच्या घरी गेले. समोर एक बाई शिवणकाम करते. माझे सगळे ब्लाउज नऊ वर्षं तीच शिवते. मी तिला टेलरताई म्हणते.

"काय जी मॅडम, ब्लाउज तं उद्या देतो म्हटलं ना."

"ब्लाउजचं नाही. भूकंपात माझं घर पडलं तर तुम्ही याल का?"

तिनं पायडल थांबवलं. "कवा पडणार हाये?"

"पडणार नाही. पडलंच तर."

"पडणार नाही तं कायले इचारून राहिल्या?"

मी फॉर्म दाखवला, रकाना समजावला. तिनं नीट ऐकलं.

"पोरगा हाये ना तुमचा?"

"पुण्याहून दहा मिनिटांत येणार नाही."

"थो तं दिवाळीतही आला नाही," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवत राहिली. खरं होतं.

"येईन जी, येईन नाही तं काय. पन तुमी आतून कडी लावता, वरून आडवा दांडा लावता. घुसू कशी?"

हे मला सुचलं नव्हतं. "मागच्या दाराला बाहेरूनही उघडेल असं कुलूप बसवून घेते. एक किल्ली तुमच्याकडे."

"मंग लिहा."

पेन काढलं आणि थांबले. तिचं नाव मला ठाऊक नव्हतं. विचारलं. तिनं सांगितलं, जरा लाजून. मी लिहिलं. नात्याच्या रकान्यात 'समोर राहतात' असं लिहिलं.

"अन् तुमचं?" तिनं मापाची वही उघडून दाखवली. माझ्या पानावर वर नुसतं 'मॅडम' लिहिलेलं होतं.

"माझं कशाला? फॉर्ममध्ये आहे."

"मातीखाली असान तं हाक काय मारू? मॅडम मॅडम केलं तं तुमच्या शाळेतल्या साऱ्याच मॅडम ओ देतील."

मी नाव सांगितलं. हे नाव आता बँकेत आणि मतदान केंद्रावरच ऐकू येतं, तेही आडनावासकट.

तिनं ते वहीत लिहिलं नाही. कात्री ठेवली, उंबऱ्यात जाऊन उभी राहिली आणि माझ्या बंद घराकडे तोंड करून ते नाव जोरात हाकारलं. गल्लीतलं कुत्रं उठून बसलं. घरातून अर्थातच कुणी ओ दिली नाही.

"आयकू येईन का एवढं?" तिनं वळून विचारलं.

"येईल," मी म्हटलं. "पण शेवटचं अक्षर जरा लांब ओढा."