काकांची पक्की पत

आमचे काका बोलण्याआधी घसा खाकरतात. नुसता नाही, तळातलं वर आणून, चावून, परत गिळतात. "ख्खाआऽऽ... मी म्हणजे तुकडीचा कणा!" मी त्यांची नक्कल केली की आई हसते आणि लगेच तोंडाला पदर लावते.

काका अग्निशमन दलात तुकडीप्रमुख. त्यांच्या तुकडीचे बिनतारी सेट टॉवरवाचून चालतात. एकाचा निरोप दुसरा सेट उचलतो, तिसऱ्याकडे टाकतो, असं करत तो आगीतून बाहेर पोचतो. शिवाय सेट एकमेकांवर पाळत ठेवतात. निरोप पुढे न देणाऱ्याची पत घसरते आणि बाकीचे त्याला वळसा घालतात.

काकांनी आपल्या सेटचं पुढे पाठवणंच बंद केलं. "लोकांची ओझी वाहायला माझी बॅटरी काय रस्त्यावर पडलीय?"

पत घसरली. सगळ्यांच्या सेटच्या पडद्यावर काकांच्या नावापुढे लाल ठिपका आला. काका सेट दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर हात आपटून ओरडले, "प्रमुखाची पत घसरते? शंभर टक्के कर, आणि तिथेच पक्की कर!"

"पण साहेब, तुम्ही निरोप पुढे देत नाही..."

"ख्खाआऽऽ!"

त्याने ती पक्की केली. आता काहीही झालं तरी ती घसरणार नव्हती.

मग कापडाचं गोदाम पेटलं. माझा चुलतभाऊ दादा, म्हणजे काकांच्याच तुकडीतला त्यांचा सख्खा पुतण्या, वरच्या मजल्यावर अडकला. "जिना पेटलाय, शिडी लावा!" प्रत्येक सेटने तो निरोप सगळ्यात भरवशाच्या सेटकडे, काकांकडे, ढकलला. तिथे तो विरला. दादाने पुन्हा पाठवला, पुन्हा. शेवटी खिडकी फोडून तापलेल्या पाइपवरून घसरत उतरला. तळहातांची सालटी पाइपलाच राहिली.

दवाखान्यात काका संत्री घेऊन आले आणि स्वतःच खात बसले. बिया दादाच्या औषधाच्या वाटीत थुंकत म्हणाले, "वाघा, निरोप पाठवायचास की रे!"

"पाठवला होता, काका. तुमच्याकडेच आला."

"असेलही. पण हे बघ!" काकांनी कमरेचा सेट काढून दाखवला. "सगळ्यांच्या बॅटऱ्या मेल्या, माझी अजून अर्धी शिल्लक!"



दादाने पट्टीतल्या हाताने आपला सेट उशाशी बसलेल्या वहिनीकडे सरकवला. "काकांना माझ्या सेटवरून काढून टाक. बाकीच्या पोरांनी सकाळीच काढलंय."

वहिनीने बटण दाबलं.

काकांची फोड तोंडातच राहिली. "अगं सूनबाई, मग माझे निरोप कोण नेणार?"