किटलीसाठीचा ठोका

गाण्यांचं वेड आहे म्हणून ओतिलिया दिवसभर कानात काहीतरी घालून बसते, असं चिलीतल्या तालकावानो बंदराच्या टेकडीवर सगळ्यांना वाटायचं. खरं तर तिला ओळखीचं एकही गाणं सोसत नव्हतं.

नवरा एलादियो गेला त्या हिवाळ्यात तिने घरातला रेडिओ बंद केला तो कायमचाच. कुठलंही गाणं लागलं तरी त्यातून तो डोकावायचा. या गाण्यावर तो चुलतबहिणीच्या लग्नात भलताच वाईट नाचला होता, त्या गाण्याचे शब्द तो हटकून चुकीचे म्हणायचा. घरातला रेडिओ बंद करता आला, पण बंदरावरच्या शेडमधला कसा करणार? तिथे उकडलेले खेकडे सोलायला बायका ओळीने बसायच्या आणि रेडिओ सकाळपासून चालू असायचा.

मुलगी यास्ना उत्तरेला कालामाच्या खाणीवर स्वयंपाकाला होती. सुट्टीत आली तेव्हा तिने आईच्या फोनमध्ये गाण्यांचं एक ॲप घालून दिलं.

"यात जगातली सगळी गाणी आहेत, आई. तुला कुठली हवीत?"

"तुझ्या बापाने न ऐकलेली," ओतिलिया म्हणाली.

यास्नाने एक पान उघडून दाखवलं. आपल्याच भागातली पोरं घरी बसून गाणी करतात आणि तिथे आणून टाकतात. ना कंपनी, ना जाहिरात. सगळ्यांत नवं गाणं सगळ्यांत वर, आणि प्रत्येकाखाली ते किती जणांनी ऐकलं याचा आकडा. कित्येकांखाली शून्य.

"ही शून्यवाली बघ. ही बाबांनीच काय, कुणीच ऐकलेली नाहीत."

खात्याला नाव काय टाकू म्हणून विचारायच्या आधीच यास्नाचं लक्ष आईच्या लाल, चिरा पडलेल्या बोटांकडे गेलं आणि तिने नाव टाकून दिलं: सोललेला खेकडा.

"गाढवे," ओतिलिया म्हणाली. पण नाव तसंच राहिलं.

तेव्हापासून ती शून्यवाली गाणी ऐकू लागली. तिची स्वतःची एक शिस्त होती. नांगी अर्धी सोलून कुणी दुसरी हातात घेत नाही, तसं गाणं कितीही रडकं असो, ती शेवटपर्यंत ऐकायची. आणि संध्याकाळी चहा-पाव झाला की त्या पोरांना एकेक ओळ लिहायची. "दुसरं कडवं घाईत उरकलंस. कुणी मागे लागलं होतं का?" "तुला सर्दी झाली आहे. बरी हो आणि परत म्हण." "तुझ्या गाण्यापेक्षा मागे भुंकणारा कुत्रा सुरात आहे, पण तू सोडू नकोस."

पोरांना राग यायचा, मग हसू यायचं, मग ती पोरंच वाट बघू लागली. शेजारच्या कोन्सेप्सियोन शहरातल्या गाणाऱ्यांत अशी बोलवाच झाली की खेकड्याने ऐकल्याशिवाय गाणं जन्माला येत नाही. हा खेकडा कोण, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बहुतेकांना तो कुणी म्हातारा, खडूस संगीतमास्तर वाटायचा. पोरं त्याला 'खेकडोबा' म्हणायची.

घरी केलेल्या त्या गाण्यांत मागे नेहमी काहीतरी असायचं. दार आपटायचं, कुणाची आई चहाला हाक मारायची, खाली बस थांबायची. ओतिलियाला ते आवडायचं. या घरांत एलादियो कुठेही नाही, या विचाराने तिला मोकळं वाटायचं. एवढंच तिच्या ध्यानात आलं नाही की एलादियो गॅसवाला होता, आणि गॅसवाला माणूस कुठल्या रस्त्याने गेलेला नसतो?

एलादियो छोट्या ट्रकमधून टेकडीवर गॅसच्या टाक्या विकायचा. टाकीवर लोखंडी पाना आपटत यायचं, ही त्या धंद्याची रीत. प्रत्येक गॅसवाल्याची चाल वेगळी, म्हणजे घरातल्या बाईला बाहेर न बघताही आपला माणूस कळतो. एलादियोची चाल अशी: तीन सावकाश, दोन लगबगीचे. आणि घराखालच्या वळणावर आला की जरा थांबून आणखी एक, एकटा. तो ठोका फक्त ओतिलियासाठी होता. त्याचा अर्थ, किटली ठेव, मी आलोच. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात सुरू झालेला तो ठोका पुढे कधी चुकला नाही.

शेवटच्या वर्षी मात्र खालचे ठोके ऐकू येईनासे झाले. खाली राहणाऱ्या बेर्ताबाईंच्या घरापासून वळणापर्यंत ट्रक मुकाट यायचा आणि मग तो एकटा ठोका तेवढा पडायचा.

"आळशी झालायस तू," ती म्हणाली होती.

"वय झालं गं. हात दमतो," तो म्हणाला होता, आणि पावाला लोणी लावत बसला होता.

पुढच्या हिवाळ्यात त्याचं हृदय बंद पडलं. हात दमतो म्हणाला तेव्हाच त्याला दवाखान्यात न्यायला हवं होतं, हे ओतिलियाने कुणाला बोलून दाखवलं नाही. पण खेकडे सोलताना, कपडे पिळताना, चर्चमध्ये गुडघे टेकताना ते वाक्य तिच्याबरोबर असायचं. हात दमतो. आणि आपण त्याला आळशी म्हणालो.

आता टेकडीवर गॅस फोनवरून मागवतात. ट्रक आवाज न करता येतो आणि जातो.

त्या दिवशी दुपारी शून्यवाल्यांत दामारिस नावाच्या मुलीचं गाणं होतं, 'ओली चादर'. खाली लिहिलं होतं: "जुनं आहे, खोलीत केलेलं. मागचा आवाज माफ करा." मुलीचा आवाज बारीक होता, पण खोटा नव्हता. बंदराच्या गावात कपडे कधी धड वाळत नाहीत आणि माणसाच्या अंगाला आठवण तशीच दमट चिकटून राहते, असं काहीसं ती म्हणत होती. दुसरं कडवं संपलं. गिटार मध्येच थांबली. आणि बंद खिडकीच्या पलीकडे, खालून, दुरून आलं: तीन सावकाश. दोन लगबगीचे.

ओतिलियाच्या हातातली सुरी थांबली.

मग जरा वेळ काहीच नाही. आणि एक, एकटा.

गिटार पुन्हा सुरू झाली.

"काय गं ओती, बोट कापलंस?" शेजारच्या निल्दाने विचारलं.

"नाही."

"मग खेकडा जिवंत निघाला का? पांढरीफटक पडलीस ती."

ओतिलियाने गाणं परत लावलं. त्या दिवशी तिची टोपली सगळ्यांत हलकी भरली आणि निल्दाने आपल्यातला थोडा गर तिच्या टोपलीत ढकलला.

संध्याकाळी यास्नाचा फोन आला. ओतिलियाने सगळं सांगितलं. यास्ना पलीकडे रडली, मग नाक ओढून म्हणाली, "थांब आई, मी ते उतरवून घेते. आणि गिटार काढून नुसता बाबांचा आवाज वेगळा करून पाठवते. तुझ्याकडे कायमचा राहील."

तिने पाठवला. ओतिलिया स्वयंपाकघरात बसून ऐकू लागली. लोखंडावर लोखंड आपटत होतं. कुणाचंही असू शकलं असतं. बंदरावर दिवसभर तसलंच आपटत असतं. तिने परत ऐकलं, तरी तसंच.

"काय झालं? नीट नाही आलं का?" यास्नाने विचारलं.

"आलं नीट. पण यात तो नाही."

"अगं, तोच आहे ना!"

"मी काहीतरी करत असायचे, यास्ना. शिवत असायचे, नाहीतर तुझ्यावर ओरडत असायचे. आणि त्यात तो यायचा. असा बोलावून नाही यायचा कधी."

म्हणून मग ती पुरं गाणंच ऐकायची, रोज एकदा. कडवी येऊ द्यायची, चादर ओली राहू द्यायची, आणि तो आपला खालून यायचा.

आठवडा झाला नसेल, तोच गाण्याखाली नवी ओळ दिसली. कोन्सेप्सियोनच्या काही लोकांनी नव्या गाणाऱ्यांच्या गाण्यांचा संच काढायचं ठरवलं होतं. त्यात 'ओली चादर' घेतलं होतं, नव्याने, स्वच्छ रेकॉर्ड करून. जुनं रविवारी काढून टाकणार होते.

त्याच दिवशी दामारिसचा निरोप आला. "खेकडोबा, तुम्ही माझ्या गाण्याला काहीच लिहिलं नाहीत. इतकं वाईट आहे का? नवं पाठवते आहे, अजून कुणी ऐकलेलं नाही. एक अडचण आहे. दुसऱ्या कडव्यानंतर मी थांबते. का थांबते कुणास ठाऊक, पण तशीच सवय झाली आहे. रेकॉर्डिंगवाला म्हणतो, ही मोकळी जागा कापू, लोकांना वाटेल नेट गेलं आणि ते पुढच्या गाण्यावर जातील. तुम्ही खरं बोलता, म्हणून विचारते. कापू का?"

ओतिलियाने नवं गाणं लावलं. पहिल्याच ओळीला तिला कळलं की हे जुन्याहून चांगलं आहे. मुलगी मोठी झाली होती, आवाजाला तळ आला होता. खिडकीबाहेर कुणी नव्हतं. दुसरं कडवं संपलं, गिटार थांबली. काही वाजलं नाही. पण ती शांतता नेमकी तेवढीच होती. तीन सावकाश, दोन लगबगीचे, जरा थांबून आणखी एक, एवढे ठोके मावतील तेवढी. मग गिटार पुढे निघाली.

ओतिलियाने फोन टेबलावर उपडा ठेवला.

तिला लिहायचं होतं, कापू नकोस. बोटं त्या अक्षरांवर गेलीही. पण आजवर तिने कुणाही पोराला गाण्याबद्दल खोटं लिहिलं नव्हतं, आणि हे खरं आहे की नाही तेच तिला कळेना. गाण्याला ती जागा हवी होती की फक्त तिला? परक्या माणसाच्या कानाने ऐकावं म्हणून तिने डोळे मिटून पुन्हा ऐकलं. पण कान काही परका होईना. शनिवार उजाडला, तरी उत्तर गेलं नव्हतं. मग ती खुर्ची ओढून बसली आणि तिने आयुष्यातला सर्वांत लांब निरोप लिहिला.

"पोरी, मी खेकडोबा नाही, बाई आहे. खेकडे सोलते. तुझं नवं गाणं जुन्यापेक्षा चांगलं आहे, हे खरं. त्या थांबण्याबद्दल मात्र मला खरं सांगता येत नाही. जुन्या गाण्यात तिथे माझा नवरा आहे, गॅसच्या टाकीवर ठोके देत जाणारा. शेवटचा ठोका माझ्यासाठी आहे, किटली ठेवायचा. तो आता नाही. मी काहीही लिहिलं तरी ते त्याच्यासाठीच असेल. म्हणून हे एक तू ठरव. काय ठरवशील ते मला चालेल. ओतिलिया."

उत्तर दुपारपर्यंत आलं.

"सेन्योरा ओतिलिया, मी बेर्ताबाईंच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचे. एकदोनदा तुम्हाला टेकडीच्या जिन्यावर पाहिलंही असेल. गाणं भरलं त्या दिवशी दुसऱ्या कडव्यातच ते ठोके दुरून ऐकू आले आणि मी वैतागून थांबले. गाणं संपल्यावर खिडकी उघडून ओरडले, 'काका, गाणं भरतेय हो मी! दया करा जरा!' त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, 'माफ कर, पोरी. मला काय ठाऊक वर गाणं आहे ते!' दुसऱ्या दिवसापासून माझ्या खिडकीखालून ते वाजवत गेलेच नाहीत. रोज पाना मांडीवर ठेवून, ट्रक अगदी हळू काढायचे. मी तिथे राहिले तोवर रोज. फक्त पुढच्या वळणावर एक ठोका द्यायचे. मी एकदा चिडवलं, 'काका, सगळे वाचवलेत, मग हा एक कशाला?' तर म्हणाले, 'तो गॅसचा नाही.' मला तेव्हा कळलं नव्हतं. थांबण्याची काळजी नको. कापत नाही."

ओतिलियाने ते वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

त्याचा हात दमला नव्हता. पाना मांडीवर होता. वर एका पोरीचं गाणं आहे म्हणून तो गप्प जात होता, आणि घरी येऊन, बायकोने आळशी म्हटल्यावर, वय झालं म्हणून पावाला लोणी लावत होता.

ती उठली, खिडकीपाशी गेली. खाली वळण होतं. बेर्ताबाईंच्या दोरीवर चादरी होत्या, अर्थातच ओल्या. बराच वेळ ती तिथे उभी होती. रडू आलं ते नंतर, भांडी घासताना, आणि तेही फार नाही.

रविवारी जुनं गाणं ॲपवरून काढून टाकलं. यास्नाने उतरवून ठेवलेलं आहे, ओतिलिया ते क्वचित ऐकते.

संच आला तेव्हा उन्हाळा लागला होता. त्या दिवशी शेडमध्ये ओतिलियाने कानातलं काढलं आणि फोन रेडिओच्या जागी, टोपल्यांच्या मधोमध ठेवला. "हे माझ्या ओळखीच्या पोरीचं," एवढंच ती म्हणाली. बायकांनी सोलता सोलता ऐकलं. पहिल्या कडव्याला निल्दा म्हणाली, "बरी गाते की." दुसरं कडवंही संपलं.

मग गिटार थांबली. शेडमध्ये सुऱ्यांचा आणि बाहेर समुद्रपक्ष्यांचा आवाज तेवढा राहिला.

निल्दाने मान वर केली. "नेट गेलं का गं?"

"नाही," ओतिलिया म्हणाली. "थांब."

निल्दा थांबली. एकीने सुरी खाली ठेवली, तिचं बघून दुसरीने. ओतिलियाचं बोट टेबलाच्या कडेवर हलकेच एकदा पडलं, आणि गिटार पुढे निघाली.