बॉनेट थंड हवं

मी आजवर लिहिलेल्या पत्रकांपैकी लोकांनी जपून ठेवलेलं एकच, आणि तेही भलत्याच कारणासाठी.

दिल्लीत जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी आली तेव्हा त्या गाड्या मेल्या नाहीत, आमच्याकडे ग्वाल्हेरला आल्या. पडाव भागात, स्टेशनच्या आसपास, पत्र्याच्या शेडखाली रांगेनं उभ्या राहिल्या. धुतलेल्या, पॉलिश केलेल्या, टायरना काळं फासलेल्या. आमचा चार-पाच जणांचा गट आहे. नोंदणी वगैरे काही नाही, एक बॅनर आणि एक व्हॉट्सॅप ग्रुप. आम्ही त्यावर पत्रक काढलं. वरच्या अर्ध्या भागात मी संतापून लिहिलं होतं की राजधानीनं नाकारलेला धूर ग्वाल्हेरच्या पोरांनी का गिळायचा. खालच्या अर्ध्यात, एका मित्राच्या हट्टापायी, ‘तरीही घ्यायचीच असेल तर निदान एवढं तपासा’ असं होतं. लोकांनी वरचा भाग फाडून टाकला आणि खालचा पाकिटात ठेवला. महाराज बाड्याच्या चौकात एक गृहस्थ मला थांबवून म्हणाले, “बेटा, तुम्हारे पर्चे से बढ़िया गाड़ी मिल गई!” मी थँक्यू म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्या पत्रकामुळेच बाबा मला ताईच्या गाडीसाठी पडावावर घेऊन गेले.

‘ताईची गाडी’ हे आमच्या घरातलं बोलणं. ताईचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा इथलाच, आमच्यासारख्याच मराठी घरातला. दोन्ही घरं पिढ्यान्‌पिढ्या ग्वाल्हेरची, आणि ‘आपल्यात ते इकडच्या लोकांसारखं दहेज-बिहेज नसतं’ हे वाक्य दोन्ही घरांत पाहुण्यांना चहाबरोबर दिलं जातं. बैठकीतही दिलं गेलं. मग मुलाचे काका सोफ्यावर जरा पुढे सरकून म्हणाले, “आम्हाला काही म्हणजे काही नको. फक्त शिवपुरी रोडला आपली जमीन आहे, रस्ता दगडांचा, तेव्हा मुलीला जायला-यायला एक दणकट फोर-व्हील असली की झालं. आणि नवी मुळीच नको हं! नवी घेतलीत तर लोक हुंडा म्हणतील. जुनीच बघा. मोठी बघा.”

इतकी वर्षं हुंड्याविरुद्ध पत्रकं वाटूनही हे मला सुचलं नसतं. नवी गाडी म्हणजे हुंडा, जुनी गाडी म्हणजे सोय! बाबा वीज खात्यातून निवृत्त झालेले, सरळ माणूस. त्यांनी मान डोलावली आणि मनातल्या मनात एफडी मोडली. मी तोंड उघडलं, तर ताईनं माझा हात घट्ट दाबला.

पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, “तू भाषण नको देऊस. मी थकलेय गं.”

ताई शाळेत फिजिक्स शिकवते. तिशी ओलांडलेली. पोहे, ट्रे, ‘मुलीला गाता येतं का’ हे सगळं तिनं वर्षानुवर्षं सोसलेलं. हा मुलगा मात्र तिला आवडला होता. दोघं भेटत होती, फोनवर बोलत होती, आणि फोन ठेवल्यावर ती गुणगुणायची. शिवाय त्यानं तिला सांगितलं होतं, “गाडीचं मला काही माहीत नाही, यार. ती काकांची हौस. मी तर स्कूटरवर खूश आहे.” या एका बोलण्यावर तिनं होकार दिला होता. मागणं मोठ्यांचं, मुलगा त्यातला नाही. मला हे पटत नव्हतं. पण दिवसभर बाहेर लोकांना पटवून आल्यावर घरच्यांसाठी घसा उरत नाही. मी गप्प बसले.

रविवारी सकाळी आम्ही तिघं पडावावर पोचलो, तर काका आणि मुलगा आधीच उभे. त्याला मी अजून काहीच म्हणत नव्हते; भावजी म्हणायला जीभ वळत नव्हती.

“आम्ही पण आत्ताच येतोय,” काका म्हणाले. “तुम्हाला पसंत पडेल ती घ्या, आमचं काही म्हणणं नाही. ही काळी जरा बरी दिसतेय, नाही?”

काळी म्हणजे रांगेतली सगळ्यात मोठी. चामड्याच्या सीटा, काचेचं छप्पर, कोण्या दिल्लीवाल्याची एके काळची शान. मी जवळ जाऊन आधी बॉनेटवर हात ठेवला. पत्रकातला पहिला मुद्दाच तो आहे: डिझेल गाडी थंड असताना सुरू करून बघा. रात्रभर उभं राहिलेलं इंजिन सुरू होताना सगळं खरं सांगतं. काळा धूर ओकला तर डिझेल नीट जळत नाही, निळा आला तर ऑइल जळतंय, पांढरा येऊन रेंगाळला तर पाणी आत शिरतंय. विकणारे म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी गरम करून ठेवतात.

बॉनेट गरम होतं.

“चलाई है क्या अभी?” मी डीलरला विचारलं.

डीलर मुलाकडे बघायला लागला. काका मध्येच म्हणाले, “ऊन आहे गं. काळ्या रंगाला ऊन लागतं.”

गाडी शेडखाली सावलीत होती. पण मी वाद घातला नाही, बाकीचं तपासायला लागले. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला. पुरात बुडालेली गाडी असली की बेल्टच्या आतल्या टोकाला मातीची रेघ राहते. नव्हती. चारही टायर एकाच कंपनीचे, सारखेच झिजलेले. फोर-व्हीलला हे लागतंच, नाहीतर आतले गिअर एकमेकांशी भांडत बसतात. जमिनीवर आडवं होऊन खाली बघितलं, गंज फारसा नव्हता. ऑइलचं झाकण उघडलं, आत दुधासारखा फेस नाही. दिल्लीच्या आरटीओची एनओसी होती, कर्जाची नोंद उतरवलेली होती. मला राग यायला लागला. काहीतरी खोट निघावी म्हणून मी कपडे मळवत होते, आणि गाडी चांगली होती.

“काय हो पर्चेवाल्या बाई, पास की नापास?” काका हसून म्हणाले.

“चालवून बघायची राहिलीय.”

डीलरनं किल्ली मुलापुढे धरली. तो दोन पावलं मागे सरला. “मला कशाला? मला यातलं काय कळतंय.”

“मी चालवते,” ताई म्हणाली.

ती बसली. सीट इतकी मागे होती की पाय पोचेना. तिनं ती पुढे ओढली. मी मागे बसले. मुलगा तिच्या खिडकीपाशी उभा राहिला, लाडात, कोपर काचेवर टेकवून. तिनं गाडी सुरू केली. समोरचा पडदा उजळला, त्यावर मुलाचं नाव आलं, आडनावासकट, आणि खाली ‘फोन जोडला’. मग दारांतल्या सगळ्या स्पीकरमधून एक पुरुषी आवाज मधूनच सुरू झाला, “…और सफलता का दूसरा नियम ये है दोस्तों कि…”

मुलानं खिशावर हात मारला. फोन बाहेर काढेपर्यंत तो आवाज अख्ख्या शेडला दुसरा नियम समजावत होता.

“या गाड्यांचं काही खरं नाही,” काका म्हणाले. “कोणाचाही फोन पकडतात.”

“नहीं सर, ऐसे नहीं पकड़ती,” डीलरला मालाची बदनामी सहन होईना. “कल भैया ने खुद जोड़ा था न। आगरा रोड तक चलाके लाए थे, सुबह फिर एक चक्कर मारा। सीट कवर का भी बोल गए हैं, टैन कलर।”

बाबा खाली बघायला लागले. ताई मुलाला एवढंच म्हणाली, “बस.”

तो तिच्या शेजारी बसला. मला कोणी उतर म्हटलं नाही, मीही उतरले नाही.

थोडं अंतर गेल्यावर तो म्हणाला, “अगं, काकांनी बोलावलं म्हणून गेलो. सहज.”

“मला म्हणालास, गाडीचं काही माहीत नाही.”

“तुला वाईट वाटलं असतं ना.”

“म्हणून नाही सांगितलंस?”

“छोटी बात आहे यार, तू पण ना!”

रस्त्यालगत एक मोकळा प्लॉट होता, पाडलेल्या घराच्या विटा-दगडांचे ढीग टाकलेला. ताईनं गाडी आत घातली आणि मागे न बघता मला विचारलं, “फोर-व्हीलचा लो गिअर कसा टाकायचा?”

“पूर्ण थांबव. न्यूट्रल. मग तो गोल खटका डावीकडे.”

आतून एक जड आवाज आला. गाडी राडारोड्यावर सावकाश चढली, चारही चाकांनी, जराही न घसरता, आणि तशीच सावकाश पलीकडे उतरली.

“फोर-व्हील लागतंय,” ताई म्हणाली.

“आवडली?” त्यानं विचारलं. खरंच आनंदानं विचारलं. मला त्याची दयाच आली. त्याला वाटलं, भांडण संपलं.

ताईनं गाडी परत आणून लावली, उतरली आणि किल्ली त्याच्या हातात दिली. “गाडी चांगली आहे. धुराचं मात्र थंड असताना एकदा बघून घे, आज कळलं नाही. पार्ट दिल्लीहून आणावे लागतील. घ्यायची तर तू घे, तुझ्या पैशानं. बाबा घेणार नाहीत.”

“अगं, ही नको तर दुसरी बघू!” काका म्हणाले.

“दुसरीही नको, काका. लग्नाचं पण राहू द्या.”

बाबांनी काकांना नमस्कार केला.

घरी जाताना शेअर टेंपोत ताई मला म्हणाली, “झालं तुझ्या मनासारखं? काढ आता पत्रक.”

माझ्या मनासारखं काहीच झालं नव्हतं. गटातले म्हणाले, लिही, मस्त केस आहे. माझ्या घरात आई दार लावून बसली होती आणि केस उपाशीपोटी दहावीचे पेपर तपासत होती. नातेवाइकांचे फोन यायचे. फोन जोडला म्हणून कोणी लग्न मोडतं का? दारू पितो का, मारतो का, मग? मी आधी भांडले, मग नुसतं हं हं करायला लागले.

आठवड्यानं त्याचा फोन आला. ताई तो घेऊन गच्चीवर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही. आई देवापाशी जाऊन उभी राहिली. मला वाटलं, ताई विरघळली. आणि खरं सांगते, विरघळली असती तरी मी या वेळी काही बोलले नसते.

ती खाली आली, पेपरांचा गठ्ठा पुढे ओढला.

“काय म्हणाला?” मी विचारलं.

“रडत होता. म्हणाला, तुझ्यासाठी गाडी सोडली.”

“मग?”

“मी विचारलं, तुझी कधी होती? तर म्हणाला, तसं नाही गं, पण मनात घेतली होती ना.” तिनं लाल पेनाचं टोपण काढलं. “बाबांना सांग, एफडी मोडू नका. आणि आईला म्हणावं, जेवायला वाढ.”