‘विलफुल’ म्हणजे मुद्दाम

“ताई, हाई काय लिखेल शे?” लोटनभाऊंनी ऑफिसच्या खिडकीतून कागद आत सरकवला. तो मीच सकाळी टाइप केला होता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. धुळे जिल्ह्यातल्या एका सूतगिरणीत मी टायपिस्ट होते. लोटनभाऊ रिंग फ्रेमवर कामाला. रिंग फ्रेम म्हणजे सूत कातणारं लांबलचक मशीन. त्याच्या कडेने सारखं चालत तुटलेले धागे सांधायचे, हे त्यांचं काम. मे महिन्यात दुपारच्या पाळीला ते जरा भिंतीला टेकले आणि डोळा लागला. तुटलेले धागे रोलरवर गुंडाळत गेले, सूत वाया गेलं, रोलरही खराब झाला. त्याबद्दलची ही चार्जशीट, म्हणजे आरोपपत्र.

आमच्या पर्सोनेल ऑफिसरसाहेबांना जड इंग्रजीचा भारी सोस. ‘झोपला’ असं साधं ते कधी लिहायचेच नाहीत. डेरिलिक्शन ऑफ ड्यूटी, ग्रॉस नेग्लिजन्स, विलफुल डॅमेज! मी शॉर्टहँडमध्ये उतरवून घ्यायचे आणि स्पेलिंगसाठी डिक्शनरी उघडायचे. स्पेलिंग बघता बघता अर्थावर नजर जायचीच. माझं इंग्रजी असं मागच्या दाराने आलं. पण आलं ते पक्कं आलं.

मी लोटनभाऊंना सांगितलं, “नेग्लिजन्स म्हणजे हयगय. विलफुल म्हणजे मुद्दाम, ठरवून. मशीनचं नुकसान तुम्ही मुद्दाम केलं, असं लिहिलंय.”

“मुद्दाम? माले झोप लागी गई, ताई. मुद्दाम कोन झोपस?”

गिरणीच्या नियमांत हयगय झाली तर थोडे दिवस सस्पेन्शन होतं. मुद्दाम नुकसान केलं तर थेट घरी. लोटनभाऊंची नोकरी त्या एका शब्दावर लटकली होती. त्यात कामगारांची रीत अशी, की चौकशीत साहेब काहीही विचारोत, हात जोडून ‘बठ्ठं कबूल शे, माफ करा’ म्हणत सगळंच मान्य करायचं. नमतं घेतलं की साहेब सोडतात, असा समज. साहेब सोडत नसत. माफी अहिराणीत मागितली जायची आणि कबुली इंग्रजीत टाइप व्हायची. मला त्या प्रकाराची चीड होती.

मी अर्थ सांगते हे साहेबांच्या कानावर गेलं.

“तुमचं काम टाइप करणं,” ते म्हणाले. “अर्थ सांगायचा पगार मिळत नाही तुम्हाला.”

“मग फुकट सांगते.”

त्यांनी ती खिडकीच बंद करवली. मी ड्यूटी सुटल्यावर गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसायला लागले. बाईमाणूस टपरीवर बसते म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी मुरडली. मुरडू देत. लोटनभाऊंबरोबर आणखी दोघं-तिघं यायला लागले. डिक्शनरीत विलफुलला ‘हेतुपुरस्सर’ असा अर्थ दिला होता. तो सांगितला असता तर एका न कळणाऱ्या शब्दाचे दोन झाले असते. मग मी विचारायचे, पाय घसरून हातातलं मडकं फुटलं तर? “ते नेग्लिजन्स!” आणि रागाच्या भरात आपटलं तर? “विलफुल!” टपरीवाला गाळणी हातात धरून हसायचा.

चौकशीचा दिवस उजाडला. चौकशी अधिकारी म्हणून धुळ्याहून एक वकील आले होते. शेजारी आमचे साहेब. जबाब टाइप करायला मीच.

“आरोप मान्य आहेत?” वकिलांनी विचारलं.

लोटनभाऊंनी सवयीने हात जोडले. मग ते बोलले, “नेग्लिजन्स कबूल शे, साहेब. विलफुल नही. हाऊ शब्द काढा, मंग सही करसू.”

साहेब लाल झाले. “हे कोणी शिकवलं तुला?”

“मी शिकवलं,” मी म्हणाले.

माझ्याकडे न बघता साहेबांनी सांगितलं, “टाइप करा. आरोपीने सर्व आरोप मान्य केले.”

मी मशीनवरचे हात काढून मांडीवर ठेवले. “ते तसं बोलले नाहीत. बोलले ते टाइप करते. नाहीतर तुम्ही करा.”

वकील खाकरले. “जे बोलला तेच घ्या. उद्या कोर्टात मला उत्तर द्यावं लागेल.”

आता ‘मुद्दाम’ हे गिरणीला सिद्ध करावं लागणार होतं. साक्षीदार म्हणून आलेल्या जॉबरने, म्हणजे खात्याच्या मुकादमाने, सरळ सांगितलं की माणूस घामाने भिजून बसल्या जागी झोपला होता. लोटनभाऊंना आठ दिवस सस्पेन्शन झालं. नोकरी राहिली.

पुढच्याच आठवड्यात मला मेमो आला. टाइप साहेबांनी स्वतः केला होता, दोन बोटांनी. त्यात ‘विलफुल इन्सबॉर्डिनेशन’ होतं, म्हणजे वरिष्ठांचं मुद्दाम न ऐकणं.

“काही म्हणायचंय?” साहेबांनी विचारलं.

“नाही. शब्द अगदी बरोबर आहे,” मी म्हणाले आणि झोकात सही केली.

मला काढून टाकायचं, तर मी काय टाइप करायला नकार दिला हे चौकशीत सांगावं लागलं असतं. म्हणून माझी बदली रुईच्या गोदामात झाली, गाठींची आवक-जावक लिहायला. दिवसभर नाकातोंडात कापूस जायचा. पण त्या गोदामाला खिडक्या नव्हत्या, सताड उघडा दरवाजा होता आणि कामगार आपापले कागद घेऊन थेट आत यायचे.

नव्याने नोकरीला लागणाऱ्यांना मी एवढंच सांगते. सही करण्याआधी अर्थ विचारा. फार तर काय होईल, गोदामात पाठवतील.