वागिनेमनं दिलेला शब्द

सरकारनं अठ्ठ्याऐंशी साली बँका काढायची मुभा दिली आणि आमच्या जावा बेटावरच्या लहानशा बाजारातही पावसाळ्यातल्या भूछत्रांसारख्या बँका उगवल्या. पूर्वी कर्ज मागायला गेलं की कारकून मान वर करत नसे. आता टाय लावलेले साहेब घरोघर जाऊन दारात चपला काढायला लागले. वागिनेमकडेही आले. विधवा बाई, कोलंबीचे पापड करून उन्हात वाळवायची. तिनं सही केली. दोन वर्षांत वाळवायचं यंत्र आलं, टेम्पो आला, बांबूचं घर जाऊन विटांचं उभं राहिलं.

गल्लीतल्या बाकीच्या बायका ऊन पडायची वाट बघत राहिल्या. वागिनेमचा माल स्वस्त, त्यांचा कोण घेणार? त्याच दोन वर्षांत गल्लीतली दोन माणसं गेली, एक तापानं, एक विहिरीत पडून. झालं, लोकांनी दोन्ही गोष्टींची सांगड घातली. एवढी भरभराट नुसत्या कष्टानं होते होय? बाईनं डोंगरावर जाऊन धन देणारं भूत बांधून आणलंय, आणि ते वर्षाला एक जीव मागतं.

तोंडावर कोणी बोललं नाही. तिच्या लेकीच्या, सुलास्मीच्या, लग्नाला दोन दिवस उरले तेव्हा ते कळलं. आमच्याकडे लग्नाचा स्वयंपाक शेजारणी करतात. त्या फिरकल्या नाहीत तर गावानं त्या घराला टाकलं असं समजायचं, आणि अशा घरात मुलाकडचे पाऊल ठेवत नाहीत. परसात सहा चुली पेटल्या होत्या. ऊन चढलं तरी अंगणात एकही बाई नव्हती.

वागिनेम तडक तुमिराहकडे गेली. लहानपणची मैत्रीण, दोन वर्षांनी धाकटी, म्हणून वागिनेमला 'म्बाक', म्हणजे ताई म्हणायची. घरात तुमिराहचा नातू निजला होता, उशाखाली लोखंडी कात्री ठेवलेली. वागिनेमला पाहताच तुमिराहनं पोराच्या तोंडावर फडकं ओढलं.

"काय गं, मला टाकलंस?"

"टाकू कशी, म्बाक? भीती वाटते."

"अगं बाई, बँकेचा पैसा आहे तो. कागद आणून दाखवू?"

"बँक गरिबाला उगाच देते होय? आमचं आयुष्य गेलं, कधी दमडी दिली नाही." तुमिराहनं तिचे पाय धरले. "ते राहू दे. यंदा माझा नातू तेवढा नको. शब्द दे, सगळ्यांना घेऊन येते."

वागिनेमला संताप आला, रडूही आलं. नाही म्हणावं तर लेकीचं लग्न मोडणार.

"नाही घेणार," ती म्हणाली.

दुपारपर्यंत चाळीस बायका आल्या. कांदे चिरले, नारळ खवले, नवऱ्यामुलाची यथेच्छ टिंगल केली. पण घासभर भात कोणी तोंडात घातला नाही. निघताना प्रत्येकीनं वाकून वागिनेमचा हात कपाळाला लावला आणि हळूच नावं सांगितली. पोरांची, नवऱ्यांची, म्हाताऱ्या आईची.

"लक्षात ठेवा हं, म्बाक."

ती प्रत्येकीला मान डोलावत राहिली. दुसरं काय करणार होती?

अंगण रिकामं झालं तेव्हा तिनं मनाशी घरं मोजली. सगळी गल्ली वगळली गेली होती. मग यंदा उरलं कोण? ती अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि त्या बायकांसारखंच, पण मोठ्यानं, लेकीचं नाव घेतलं. एकदा, दोनदा, तीनदा.

आतून सुलास्मी 'ओ' देत होती, पण हाक तिला नव्हती.